उलाळलेलं विमान

आमचं विमान शेपटीकडून चालायचं. जालन्याहून अंबडला निघालं की शेपटी पुढं, नाक मागं, आणि शेपटीला दोन बैल जुंपलेले. एसटीच्या खिडक्यांतून माणसं माना बाहेर काढून बघायची. एका ड्रायव्हरनं तर गाडी हळू करून मला विचारलं होतं, "काय बाई, विमान माघारी नेऊन राह्यले का?" मी त्याला चांगलं ऐकवणार होते, पण तोवर एसटी पुढं निघून गेली. सुचूनही देता न आलेली उत्तरं माझ्या आयुष्यात पुष्कळ आहेत, त्यातलं हे एक.

हे विमान म्हणजे जत्रेतलं फोटोचं विमान. आताच्या पोरांना ते ठाऊक नसेल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. तेव्हा घरोघरी कॅमेरे नव्हते. जत्रेत एखादा फोटोवाला लाकडाचं विमान नाही तर मोटार उभी करायचा, माणसं तिच्यात बसून फोटो काढून घ्यायची आणि तो घरी देवाच्या तसबिरींशेजारी लावायची. इतरांची विमानं म्हणजे नुसती रंगवलेली फळी, तिला डोकी बाहेर काढायला भोकं. आमचं तसलं नव्हतं. आमच्या विमानाला पंखांचे दोन मजले होते, चार इंजिनं होती, आत चढून बसायला फळ्या होत्या. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेल्या एका खऱ्या प्रवासी विमानावरून ते घेतलं होतं. ते जालना जिल्ह्यात कसं उतरलं आणि त्याच्यामुळं माझी एका जाचातून सुटका कशी झाली, ते सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे आणि माझा नवरा एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्या माहेराहून, धावड्याहून, माझे वडील स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी जमीन बघितली, विहीर बघितली, गोठ्यातली जनावरं बघितली. घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलतात का, हे बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? अबोल्याचं कारण साधं होतं. एकुलता एक मुलगा शेती टाकून जालन्याला गेला आणि जुन्या जालन्यात एका कापडाच्या ठोक दुकानाच्या माडीवर त्यानं फोटो स्टुडिओ काढला. ज्या दिवशी त्यानं पाटी लावली, त्या दिवसापासून सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. नुसतं बंद.

पण घर म्हटलं की बोलावं लागतंच. आम्ही सणावाराला गावी जायचो, अंबडच्या अलीकडं आमचं गाव आहे. बाप-लेक जेवायला शेजारी शेजारी बसायचे आणि मी वाढायला. मग सुरू व्हायचं.

"सांग त्याला," सासरे माझ्याकडं बघून म्हणायचे, "विहिरीवरली मोटार जळून गेल्ती."

नवरा तिथंच भाकरी मोडत असायचा. "विचार त्यांना, दुरुस्त कुणाकडून केली."

"मामा," मी सासऱ्यांना म्हणायची, "कुणाकडून केली म्हणून राह्यले."

"सांग त्याला, ज्यानं केली त्यानं केली."

आधी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे काम करायच्या. मी आल्यावर त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि त्या सुटल्या. मी स्वभावानं गरीब नाही. एकदा सासरे म्हणाले, "सांग त्याला, त्याच्या त्या पाटीला वाळवी लागंल." मी नवऱ्याकडं वळून म्हटलं, "मामा म्हणतात, पाटी चांगली दिसून राह्यली." दोघांनीही खरं काय ते ऐकलेलं होतं. पण माझी चूक दुरुस्त करायची तर थेट बोलावं लागलं असतं, म्हणून दोघंही मुकाट्यानं वरण ओरपत राहिले. आत्याबाई चुलीकडं तोंड करून हसत होत्या. मला मात्र हसू येईनासं झालं होतं. उद्या लेकरू झालं की बोलायला लागल्याबरोबर त्यालाही याच कामाला लावतील, आजोबांचं बापाला सांग आणि बापाचं आजोबांना, असं मला दिसायला लागलं होतं. आत्याबाईंची भीती वेगळी होती. त्या भाकरी थापता थापता एकदा म्हणाल्या, "दोघातला एक गेल्यावरच बोलतील गं हे. मंग ऐकायला कोण ऱ्हाईल?" पीठ संपलं म्हणावं इतक्या साधेपणानं त्यांनी ते म्हटलं.

आता विमानाकडं येते. जुन्या जालन्यात रद्दीची दुकानं होती, आणि नवऱ्याला तिथं जाऊन जुनी मासिकं उपसायचा नाद होता. एक दिवस तो एक जाडं इंग्रजी पुस्तक घेऊन आला. पहिली पानं गेलेली, शेवटची उंदरांनी खाल्लेली. मधे मात्र एका विमानाची सगळी हकिकत होती, चित्रांसकट: ते कागदावर कसं आखलं आणि कारखान्यात कसं बांधलं. मी बारावी झालेली, त्यामुळं घरातली इंग्रजी माझ्याकडं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी वाचायची आणि तो चित्रं बघायचा.

इंग्लंडहून फार दूरच्या मुलखांना जायचं, वाटेत समुद्र, म्हणून त्याला चार इंजिनं; एखादं बंद पडलं तरी बाकीची नेतील. फार घाईत बांधलेलं. आणि सगळं लाकडाचं. लाकडाच्या चौकटी, त्यावर प्लायवूड, पंखांच्या सांगाड्यावर ताणून शिवलेलं कापड, आणि कापड आखडून ताठ व्हावं म्हणून वरून एक प्रकारचं रोगण. एका चित्रात लांबलचक शेडमध्ये विमानांचे सांगाडे ओळीनं उभे होते. दुसऱ्यात बायका पंखांवर कापड शिवत बसल्या होत्या. ते चित्र मी बराच वेळ बघितलं. विमान म्हणजे काहीतरी लोखंडी, सायबाचं, असं मला वाटायचं. त्यात टाके घालणाऱ्या बायका असतील असं कधी मनात आलं नव्हतं.

नवरा मात्र दुसऱ्याच चित्रावर अडला होता. विमान जमिनीवर उभं होतं: पुढं दोन चाकं, नाक वर, शेपटी खाली टेकलेली. त्यानं ते बघितलं, पुस्तक बंद केलं आणि त्या महिन्यात गावी गेल्यावर गोठ्यामागं जाऊन उभा राहिला. तिथं सासऱ्यांची जुनी लाकडी बैलगाडी पडून होती. टायरची गाडी आल्यापासून तिला कुणी जुंपत नव्हतं. बैल सोडलेली गाडी कशी उभी असते? लांब दांडी पुढं उतरलेली, तिच्या टोकाचं जू जमिनीला टेकलेलं, आणि गाडीची मागची बाजू वर उचललेली. हुबेहूब ते चित्र. फक्त उलटं बघायचं: गाडीचा मागचा भाग ते विमानाचं नाक, दांडी ती शेपटी, आणि जू म्हणजे शेपटीवरचा आडवा पंख. नवरा इतका खूश झाला की त्यानं मला ओढत तिथं नेलं. मला आधी फक्त गाडीच दिसली. मग तो म्हणाला तशी मान वाकडी करून बघितलं, आणि खरंच, विमान होतं.

गाडी आत्याबाईंनी देऊन टाकली. "पडूनच हाय, घेऊन जा," त्या म्हणाल्या. सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. आम्ही निघताना त्यांनी मला हाक मारली.

"सांग त्याला, गाडीला विमान म्हणल्यानं ती उडत न्हाई."

"सांग त्यांना," नवरा म्हणाला, "उडवायची न्हाईच मला. उभीच ऱ्हाणार हाय."

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. मला बस पकडायची होती.

जालन्यात आमच्या घरमालकाच्या मोकळ्या आवारात आम्ही ते विमान बांधलं. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सांगाडा बांबूचा आणि बाभळीचा. गाडीच्या चाकांना नवऱ्यानं पत्र्याचे पायजमे चढवले, कारण पुस्तकातल्या विमानाच्या चाकांनाही तसले पायजमे होते. इंजिनं म्हणजे गोडेतेलाचे चार डबे, पुढं सुताराकडून करून घेतलेले लाकडी पंखे. वारा आला की आपोआप फिरायचे. पंख मात्र सुटे ठेवले, दोरीनं बांधायचे. गल्लीतून दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागायचं, तिथून पंखांसकट विमान कुठून जाणार?

पंखांचं कापड मी शिवलं. खालच्या दुकानातून मांजरपाटाचा तागा आणला आणि बांबूवर ताणून ताणून टाके घातले. पण कापड सैल पडायचं, पोट सुटल्यासारखं दिसायचं. इंग्लंडातलं रोगण कुठून आणायचं? तेव्हा आत्याबाई कामाला आल्या. आमच्या सासरच्यांकडं पूर्वी मेंढरं होती. आजेसासूपर्यंत घरात घोंगड्या विणायचे आणि घोंगडीला कडकपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावायचे. आत्याबाई जालन्याला आल्या, चिंचोके भाजून कुटून त्यांनी पातेलंभर खळ शिजवली आणि घोंगडीवर फिरवतात तशी कुंचल्यानं पंखांवर फिरवली. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळून कापड असं ताठ झालं की बोटानं वाजवावं. आत्याबाईंनी एकदा वाजवूनही बघितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या शेळ्यांनी खळीच्या वासानं खालच्या पंखाचं टोक खाऊन टाकलं, ते मला पुन्हा शिवावं लागलं. शेळ्यांना मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

उन्हाळ्यात जवळच्या दोन-तीन लहान जत्रांना आम्ही विमान नेलं. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, ओळखीच्या एका गाडीवानाची बैलजोडी घ्यायचो. लोकांना विमान आवडलं. काहीजण हुज्जत घालायचे, "चार इंजिनं म्हणता, फोटोत दोनच दिसून राह्यलीत." मग नवरा त्यांना हाताला धरून पलीकडच्या बाजूला न्यायचा आणि बाकीची दोन दाखवायचा. माझं काम गिऱ्हाइकाला तयार करण्याचं. माझ्याकडं आरसा, कंगवा, पावडरीचा डबा आणि एक काळा कोट असायचा. तो कोट जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांच्या अंगावरून गेला असेल.

खरी अडचण वेगळीच निघाली. पुस्तकातल्यासारखं नवऱ्यानं विमानाचं नाक निमुळतं केलं होतं आणि त्यात वैमानिकाची एकच जागा ठेवली होती. तिथं बसायला कुणी तयार होईना. नवं जोडपं आलं की घरची म्हणायची, जोडीनंच बसवा. आमच्याकडं लग्न झाल्यावर वर्षभर सगळं जोडीनं असतं, देवदर्शन जोडीनं, ओटी जोडीनं, जेवायचं आमंत्रणही जोडीला. नवरदेव एकटा पुढं आणि नवरी मागं म्हाताऱ्यांत, हे कुणाला पटेना. एक आजीबाई तर स्पष्टच म्हणाल्या, "एकल्याला पुढं बसवून काय करता? त्याला कुणी सोबत नको का?"

त्या रात्री नवरा तोंड पाडून बसला. मी पुस्तक उघडून पुढच्या पानांचा अर्थ लावायला लागले. आणि वाचता वाचता मला हसू आवरेना. खऱ्या विमानाचंही तेच झालं होतं. पहिलं विमान बांधलं ते एकट्या वैमानिकासाठी, अरुंद नाकाचं. मग ज्यांनी विमानं मागवली होती ते म्हणाले, एवढ्या लांबच्या वाटेला एकटा माणूस चालायचा नाही, दोघं शेजारी शेजारी पाहिजेत. म्हणून कारखान्यानं नाक नव्यानं आखलं, रुंद केलं. आमच्या आजीबाई जे म्हणाल्या तेच. नवऱ्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि पावसाळ्यात बसून नाक रुंद केलं. पुढं दोन जागा झाल्या. तिथं फळीही जाड घातली, कारण नवरदेवांबरोबर कधीकधी त्यांचे मामाही घुसायचे.

इथंच आमचं चुकलं. आम्ही दोघंही शेतकऱ्याची लेकरं, बैलगाडीत वाढलेलो. गाडीत मागं जास्त भार झाला की काय होतं हे आमच्याकडं चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. गाडी उलाळते, जू वर जातं, मागची बाजू खाली बसते आणि आतलं सगळं घरंगळतं. पण विमान म्हणता म्हणता ती गाडी आहे हेच आम्ही विसरून गेलो. विमानाचं नाक म्हणजे गाडीची मागची बाजू, हे ज्या माणसानं शोधून काढलं त्यालाच ते आठवलं नाही.

नवरात्रात अंबडला देवीची मोठी जत्रा भरते. टेकडीच्या पायथ्याला खेळणीवाले, बांगड्यावाले, रेवड्या-बत्ताशांची दुकानं. आम्ही एका कडेला जागा धरली, पंख बांधले, चार पंखे फिरायला लागले. गावाकडची सगळी माणसं या जत्रेला येणार हे मला माहीत होतं. सासरे-सासूही येणार. मी सकाळपासून गर्दीत सासऱ्यांचा पटका शोधत होते. ते विमानाकडं येतील असं मला वाटत नव्हतं. पण त्यांनी नुसतं तोंड फिरवून निघून जाऊ नये एवढंच मनात होतं, कारण ते बघून माझा नवरा आतून मोडला असता. वरून तो कितीही ऐट दाखवू दे.

दुपारी ते दिसले. समोरच्या रसवंतीच्या सावलीत, खांद्यावर घोंगडी, हातात रसाचा ग्लास. रस संपला तरी ग्लास हातातच होता. ते आपल्या गाडीकडं बघत होते. आत्याबाईंनी लांबूनच मला हात केला आणि मान हलवली. म्हणजे, येत नाहीत म्हणतात. नवऱ्यानंही त्यांना बघितलं होतं. त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नीट केला.

तेवढ्यात एक मोठं बिऱ्हाड आलं. नवं जोडपं, त्यांचे आईबाप, काका, काक्या, आणि एक भारीभरकम पाहुणा, ज्याला सगळे फार मानत होते. मी जोडप्याला पुढं बसवलं. बाकीच्यांना म्हटलं, मागच्या फळीवर बसा. कुणी बसेना. शेपटीकडं बसणं म्हणजे कमीपणा. "पाव्हण्याला शेपटाकडं बसवता का?" एक काका म्हणाले. पाहुणा पुढं गेला. पाहुणा पुढं गेल्यावर काका मागं कसे राहतील? तेही पुढं. काक्या त्यांच्या मागं. फोटोत आपलं तोंड आलं पाहिजे म्हणून सगळे नाकाकडं सरकले. माझा नवरा कॅमेऱ्यात मान घालून होता. त्याचा दोन डोळ्यांचा, म्हणजे दोन भिंगांचा कॅमेरा, वरून खाली वाकून त्यात बघायचं, त्यामुळं काचेतल्या चेहऱ्यांपलीकडचं त्याला काही दिसत नव्हतं.

मला दिसलं. शेपटीखालची माती मोकळी झाली. जू जमिनीवरून सुटलं आणि हळूहळू वर जायला लागलं. मी कंगवा हातात धरून तशीच उभी.

रसवंतीकडून ग्लास फुटल्याचा आवाज आला. सासरे गर्दीतून आडवे धावत आले. त्या वयाचा माणूस इतक्या जोरात धावताना मी बघितला नव्हता. गाडी उलाळताना दिसली की बैलगाडीवाल्याचे पाय त्याला विचारत नाहीत. त्यांनी उडी मारून दोन्ही हातांनी जू धरलं आणि त्याला लोंबकळले. अंगानं ते सडसडीत. जू थांबलं, पण खाली येईना. त्यांचे पाय जमिनीच्या वर होते. क्षणभर आमचं विमान ना इकडं ना तिकडं, सरळ आडवं, हवेत तरंगल्यासारखं उभं राहिलं: नाकात सगळं बिऱ्हाड आणि शेपटीला माझे सासरे.

"अरे वर बघ की!" ते तिथूनच ओरडले. "काय मुंडी घालून बसला? गाडी उलाळून राह्यली. त्या जाड्या पाव्हण्याला मागं घे."

नवऱ्यानं मान वर केली. "आबा?"

"मंग कोण? जल्दी कर, हात सुटून राह्यले माझे."

"उतरवू का सगळ्याला?"

"उतरवू नको बिलकुल. पुढचे एकदम उतरले तर दांडी माझ्या अंगावर यील. एक एक करून मागं सरकव."

नवरा कॅमेरा माझ्या हातात देऊन धावला. पाहुण्याला हाताला धरून मागं आणलं, मग काकांना. तसतसे सासऱ्यांचे पाय खाली आले, चपला मातीला टेकल्या, जू टेकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नवरीच्या डोक्यावरचा पदर पडला होता तेवढाच. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथंच मातीत फतकल मारून बसले. आत्याबाई घाईघाईनं आल्या. मला वाटलं नवऱ्याला विचारायला, काही लागलं का म्हणून. पण त्या माझ्याजवळ बसल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "ऐकलं का गं तू?"

मी म्हटलं, "काय?"

"बोलले की ते. त्याच्याशी."

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी उलाळ बघत होते. आता कानात ते सगळं पुन्हा वाजलं, मुंडी घालून काय बसला, जल्दी कर, एक एक करून सरकव. त्यात एकही "सांग त्याला" नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. आत्याबाईंनी माझ्याच पदरानं माझे डोळे पुसले आणि मग स्वतःचेही.

बाप-लेकाला मात्र काय घडलं ते कळलेलं दिसत नव्हतं, किंवा कळूनही ते तसं दाखवत नव्हते. सासरे जुवाजवळ उकिडवे बसून दांडी तपासत होते. "किती पुढं नेलं हे," ते म्हणाले. "आधी इतकं न्हवतं."

"दोघाला बसायला केलं, आबा. जोडीनं."

"मंग इकडं वजन नको का?"

"ध्यानात न्हाई आलं."

"मी बसतो हितं," सासरे म्हणाले. घोंगडीची घडी करून त्यांनी दांडीवर टाकली आणि जुवाशी पाठ लावून बसले. जत्रा संपेपर्यंत ते तिथंच बसायला येत राहिले. प्रत्येक बिऱ्हाड चढताना ते बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे, हिला मागं घे, त्याला पुढं जाऊ दे, तंबाखू मळत मळत. लोकांना वाटायचं हा विमानाचा मालकच असावा. गाडी तर त्यांचीच होती म्हणा.

मी त्यांना पुस्तकही दाखवलं. खऱ्या विमानाची शेपटी पुढं सुधारली होती. तिच्या आडव्या पंखाच्या दोन्ही टोकांना नंतर दोन उभ्या फळ्या बसवल्या होत्या, विमान स्थिर राहावं म्हणून. सासऱ्यांनी ते चित्र लांब धरून बघितलं. जुवाच्या दोन टोकांना बैलाची मान अडकवायला उभ्या खुंट्या असतात, त्यांना शिवळा म्हणतात. सासऱ्यांनी आपल्या पाठीमागच्या शिवळेवर हात ठेवला आणि चित्रातल्या फळीवर बोट. "ह्या लोकायला ह्या मागून सुचल्या का?" एवढंच ते म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

त्यांनी मुलाला माफ केलं का, मुलानं शेती सोडली ते त्यांना पटलं का, हे मला कधीच कळलं नाही. पटलं नसावं. पुढंही ते स्टुडिओला नावं ठेवतच राहिले. पण ती नावं ते थेट त्याच्या तोंडावर ठेवायचे, आणि तो थेट उत्तर द्यायचा, आणि मी शेजारी बसून शांतपणे भाकरी खायची. घरात भांडण चाललंय आणि आपलं त्यात काही काम नाही, यासारखं सुख नाही. दोघंही आरडाओरडा करत असले की मी मनात म्हणायची, चालू द्या. माझ्या लेकरांना निरोप्याचं काम कधी करावं लागलं नाही. विमान बरीच वर्षं चाललं. मग गावोगावी कॅमेरे झाले, नंतर फोन आले, आणि विमानाचे पंख आवारात वाळवीनं खाल्ले. गाडी मात्र आम्ही गावी परत नेली. ती आजही गोठ्यामागं आहे, नाक वर करून.

त्या जत्रेच्या शेवटच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, गर्दी ओसरली होती. नवरा म्हणाला, "आबा, तुम्ही आन् माय बसा पुढं. तुमचा एक फोटो काढू." आत्याबाई नको नको म्हणत चढल्या. सासरे त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघं जोडीनं, नाकात. लगेच शेपटी हलकी झाली, कारण आता तिथं कुणी नव्हतं. मग नवराच जाऊन सासऱ्यांच्या घोंगडीवर बसला, आणि कॅमेरा माझ्याकडं आला. त्यानं मला शिकवलं होतं, पण मी कधी गिऱ्हाइकाचा फोटो काढला नव्हता. मी काचेत वाकून बघितलं. दोन पंखांच्या मधे दोन म्हातारे चेहरे, आत्याबाईंनी कडेची फळी गच्च धरलेली. मला नीट जुळवायला वेळ लागत होता.

सासऱ्यांनी मान मागं वळवली. "सांग तिला," ते शेपटीकडं बघून म्हणाले, "जल्दी कर म्हणावं. तुझी माय घाबरून राह्यली."

मी त्यांच्यासमोर उभी होते. शेपटीपेक्षा कितीतरी जवळ.

"अगं," नवरा तिकडून म्हणाला, "आबा म्हणून राह्यले, जल्दी कर."

सासरे बोलले तेव्हाच मला सगळं ऐकू आलं होतं. तरी निरोप रीतसर पोचेपर्यंत मी थांबले, आणि मग बटण दाबलं.